तीनची जाग

पत्र: "माझं वय ४६. साताऱ्यात सकाळच्या शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षी आषाढात सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने रात्री दोन-तीनदा उठून त्यांना कूस बदलून देणं, बेडपॅन देणं चालू होतं. आता त्या काठी घेऊन अंगणभर हिंडतात, माझी झोप मात्र गेली ती गेलीच. साडेनऊलाच अंथरुणाला पाठ टेकते, म्हणजे जरा तरी जास्त मिळेल. सव्वादहाला डोळा लागतो. पावणेतीनला टक्क जागी होते, कधी अंगाला घाम असतो. मोबाईलवर वेळ बघते, किती तास उरले ते मोजते. साडेचारनंतर लागली तर तासभर लागते, तोवर साडेपाचचा गजर. दुपारी शाळेतून आल्यावर पाऊण तास आडवी होते. चहा दिवसाला चार कप, शेवटचा संध्याकाळी सहाला. शेजारच्या वहिनींनी त्यांची झोपेची अर्धी गोळी दिली होती; महिन्यात चार-पाचदा घेतली, छान झोप लागली. यजमान म्हणतात, तू फार विचार करतेस. नणंद म्हणते, ब्राह्ममुहूर्तावर जाग येणं पुण्याचं, उठून जप कर. व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं की सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांचा मेंदू आक्रसतो. परवा फळ्यावर उदाहरण सोडवताना मधली पायरीच आठवेना, तेव्हापासून धास्ती बसली आहे. माझ्या मेंदूत काही बिघडलं आहे का? जायफळ घातलेलं दूध घेऊन बघू का?"

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: "साडेनऊलाच पाठ टेकते, म्हणजे जरा तरी जास्त मिळेल." सासूबाईंच्या आजारपणाने झोप मोडली हे खरं. पण ते आजारपण कधीच संपलं. आज झोप मोडते आहे ती झोप परत मिळवण्यासाठी तुम्ही जे जे करता आहात त्याने. लवकर आडवं होणं, दुपारची भरपाई, अंथरुणात पडून वाट बघणं, घड्याळ. अमेरिकेतले निद्रातज्ज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८०च्या दशकात निद्रानाशाचे असेच तीन थर मांडले: मुळातली प्रकृती, झोप मोडणारी घटना आणि मोडलेली झोप तशीच ठेवणाऱ्या सवयी. पहिला थर बदलता येत नाही, दुसरा होऊन गेलेला असतो. उपचार चालतात ते तिसऱ्यावर.

ते कसे चालतात हे कळायला पावणेतीन वाजता मेंदूत काय चाललेलं असतं ते बघू. तुम्ही गणिताच्या, तेव्हा आलेख डोळ्यांसमोर आणणं तुम्हाला सोपं जाईल. १९८२ साली झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी झोपेसाठी दोन रेषांचा एक नमुना मांडला, तो आजही शिकवला जातो. पहिली रेषा झोपेच्या दाबाची. जागेपणी मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करतात आणि त्या खर्चातून अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो. जितका वेळ जागं तितका साठा मोठा, तितकं डोळ्यांवर झापड. झोपेत तो उतरतो, पण सरळ रेषेत नव्हे. पहिल्या तीन-चार तासांच्या गाढ झोपेत बराचसा दाब उतरून जातो. दुसरी रेषा घड्याळाची. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये, दोन्ही बाजूंना मिळून सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. तो शरीराचं तापमान, जागं व्हायला मदत करणारं कोर्टिसोल, रात्र झाल्याची वर्दी देणारं मेलाटोनिन, सगळं चोवीस तासांच्या तालावर चालवतो.

आता तुमची रात्र या आलेखावर ठेवा. सव्वादहाला झोप लागली, पावणेतीनला साडेचार तास झाले. गाढ झोप संपलेली, दाब तळाला आलेला. पुढची झोप मुळातच पातळ आणि स्वप्नांची. कोर्टिसोल याच सुमारास हळूहळू चढू लागतं. सुमारे दीड तासाचं एक असं झोपेचं चक्र संपताना माणूस क्षणभर वर येतो, हे प्रत्येकाचं होतं, रात्रीत अनेकदा होतं, आणि मिनिटभरात परत बुडी मारली की सकाळी आठवतही नाही. तुमचे यजमानही पावणेतीनच्या आसपास वर येत असणार. ते कूस बदलून परत जातात. तुम्ही वर आलात की तिथे कुणीतरी कामावर उभंच असतं.

ते कुणीतरी तीन महिन्यांच्या जागरणात घडलं. झोपेतही मेंदू कान पूर्ण बंद करत नाही. बाळ कुरकुरलं की आई उठते आणि ट्रक गेला तरी उठत नाही. सासूबाईंच्या हाकेसाठी तुमच्या मेंदूने ठरावीक वेळी पहारा ठेवायला शिकून घेतलं आणि त्या वेळी त्याचा उपयोगही झाला. हाक बंद झाली, पहारा राहिला, कारण तो उठवायचं कुणी सांगितलंच नाही. उलट रोज दीड-पावणेदोन तास अंथरुणात जागं पडून, वेळ बघून, चिडून तुम्ही त्याला पगार देत आहात. गादी, उशी, पंख्याचा आवाज, अंधार या सगळ्यांची सांगड मेंदूने जागेपणाशी घातली. हॉलमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी येते आणि खोलीत जाऊन पाठ टेकली की डोळे उघडतात, असं तुमच्याकडे होतं का बघा. बहुतेक होत असणार.

मेंदूत झोप आणि जाग यांचं बटन आहे हे कळलं तेही एका साथीमुळे. १९१७च्या सुमारास व्हिएन्नात कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी एका विचित्र मेंदूज्वराचे रुग्ण पाहिले. बहुतेक दिवसेंदिवस झोपून राहत, थोड्यांना मात्र झोपच येईना. मृत्यूनंतर मेंदू तपासले तेव्हा झोपाळूंच्या हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागाला इजा होती आणि जागणाऱ्यांच्या पुढच्या भागाला. पुढचा भाग झोपवणारा, मागचा जागवणारा, आणि दोघे एकमेकांना दाबून धरतात. म्हणून तुम्हाला झोप आणि जाग यांच्यामधल्या अर्धवट अवस्थेत फार वेळ राहता येत नाही, बटन एकीकडे तरी पडतं. दाब कमी असताना एवढासा धक्का ते जागेकडे ढकलायला पुरतो. "अरे बापरे, पावणेतीन! पावणेतीन तासच उरले" हा पुरेसा धक्का आहे. बिघाड कुठेच नाही. बटन नीट चालतं आहे, ते चुकीच्या वेळी दाबलं जातं आहे.

यजमानांना सांगा, जाग विचारांमुळे येत नाही. आधी जाग येते, मग विचार येतात. काळोखात हाताला काम नसलं की मेंदूतलं स्वतःविषयी विचार करणारं जाळं मोकळं सुटतं. त्याचं काम मागचं उगाळणं आणि पुढचं रंगवणं. त्यात जाग आल्यावर मेंदूचे सगळे भाग एकदम कामाला लागत नाहीत. कपाळामागचा भाग, जो "थांब, हे उद्या बघू" म्हणतो, तो सर्वांत उशिरा ताळ्यावर येतो. म्हणून मुलाची फी, गुडघा, फळ्यावरची पायरी, सगळं रात्री तीनला डोंगराएवढं आणि सकाळी सातला होतं तेवढंच. त्या वेळी कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि स्वतःच्या आयुष्याचा हिशेब मांडायचा नाही, एवढं तरी आजपासून पाळा.

आता करायचं काय. आधी एक आठवडा काहीच बदलू नका, फक्त वहीत नोंद ठेवा. रोज सकाळी, चहाच्या वेळी, एकदाच: अंथरुणात कधी गेले, अंदाजे कधी झोप लागली, मधे साधारण किती वेळ जागी होते, अंथरूण कधी सोडलं, दुपारी झोपले का. रात्री घड्याळ बघून नोंद करायची नाही, अंदाज पुरतो. गजर लावून मोबाईल खोलीबाहेर ठेवा, भिंतीवरचं घड्याळ दिसत असेल तर उतरवा. झोप मोजणारं मनगटी घड्याळ घेऊ नका. गाढ झोप किती झाली ते ही यंत्रं अंदाजानेच सांगतात आणि सकाळी त्यांचे आकडे बघून माणूस नव्याने दमतो.

पत्रातल्या आकड्यांवरून तुमचा हिशेब असा निघतो. अंथरुणात साडेनऊ ते साडेपाच, म्हणजे ८ तास, ४८० मिनिटं. प्रत्यक्ष झोप सव्वादहा ते पावणेतीन साडेचार तास आणि पहाटेचा एक, मिळून ३३० मिनिटं. ३३० भागिले ४८०, सुमारे ६९ टक्के. चांगल्या झोपेत हा आकडा ८५च्या वर असतो. तुम्ही साडेपाच तासांची झोप आठ तासांच्या गादीवर पसरली आहे. पोळी लाटता लाटता फार मोठी केली की मधे भोक पडतं, तसं ते पावणेतीनचं भोक.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून गादी आखडायची. जेवढी झोप होते तेवढाच वेळ अंथरुणात: रात्री १२ ते पहाटे ५.३०. बरोबर वाचलंत, बारा. उठायची वेळ रविवारीसुद्धा साडेपाचच. रात्र कशीही गेली असली तरी. सात दिवसांनी सरासरी काढा. या साडेपाच तासांतले ४ तास ४० मिनिटं झोप लागली असेल, तर ८५ टक्के झाले. मग झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा, ११.४५. ८० ते ८५च्या मधे असेल तर आहे तीच वेळ आणखी आठवडाभर. ८०च्या खाली असेल तरी साडेपाच तासांपेक्षा खाली जायचं नाही, तिथेच थांबा. दर आठवड्याला अशी एक पायरी मिळत गेली तर पाचव्या बदलाला तुम्ही पावणेअकरा ते साडेपाच, पावणेसात तासांवर पोचता. कुठेतरी टक्केवारी परत घसरायला लागेल. तिथे तुमची खरी गरज संपली असं समजा. ती सातच असली पाहिजे असं नाही.

हा उपाय स्पीलमन यांचाच, १९८७चा. ऐकायला उलटा वाटतो. "लवकर निजे, लवकर उठे" लहानपणापासून घोकलेल्या घरात बारापर्यंत जागणाऱ्या सुनेकडे कसं बघतील याचीही कल्पना आहे. पण अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली मोठ्यांच्या जुनाट निद्रानाशासाठी गोळीच्या आधी ज्या उपचाराची शिफारस केली, त्याच्या गाभ्यात हीच गोष्ट आहे.

पहिले आठ-दहा दिवस वाईट जातील हे आधीच माहीत असू द्या. बरेच जण इथेच सोडतात आणि "आपल्याला लागू पडत नाही" म्हणतात. तो थकवा उपाय लागू पडत असल्याची खूण आहे: दाब साचतो आहे. मात्र तुम्ही शाळेत दुचाकीवर जात असाल तर या दिवसांत मागे बसा किंवा एसटीने जा, आणि शक्य असेल तर सुरुवात दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत करा. कुणाला फिट येत असतील, झोपेत चालायची सवय असेल, किंवा मनाचा अतिउत्साह आणि अतिउदासी असे झोके येणारा बायपोलर आजार असेल, तर त्यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये; झोप तोडल्याने हे तिन्ही उफाळतात. एवढी मोठी उडी झेपणार नाही असं वाटलं तर दर आठवड्याला अर्धा तास उशिरा, असं हळूहळू साडेनऊवरून पुढे सरका. वेळ जास्त लागतो, त्रास कमी होतो.

साडेनऊ ते बारा काढायचे कसे, हा खरा प्रश्न. सगळ्यात मोठा घात होतो सोफ्यावर. मालिका बघता बघता दहाला वीस मिनिटं डोळा लागला, की दिवसभर साचवलेला दाब त्यातच गेला. तेव्हा पाठ सरळ राहील अशा खुर्चीत बसा, खोलीत उजेड ठेवा, मधे मधे उठा. दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणं, साड्यांच्या घड्या, इस्त्री ही कामं उत्तम. पेपर तपासायचे असतील तर साडेदहापर्यंतच. आणि संध्याकाळीच, जेवणाआधी, पंधरा मिनिटं एक कागद घ्या: डाव्या बाजूला डोक्यात घोळणाऱ्या गोष्टी, उजव्या बाजूला त्यावर उद्या करायची एकच लहान गोष्ट. "फी: उद्या मधल्या सुट्टीत ऑफिसात विचारणे." २०१८ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. नऊ मिनिटं काही फार नाहीत, पण कागद-पेनाच्या मोबदल्यात वाईट नाहीत.

दुसरा नियम गादीचा. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये तो सांगितला. झोप आली तरच आडवं व्हायचं. दमणं वेगळं, झोप येणं वेगळं. पापण्या जड होऊन मान लवायला लागली म्हणजे झोप आली. रात्री जाग आली आणि पंधरा-वीस मिनिटं झाली असं वाटलं, किंवा त्याआधीच चिडचिड सुरू झाली, तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. तिथे झिरोचा पिवळा बल्ब किंवा भिंतीकडे वळवलेला टेबललॅम्प; ट्यूबलाईट लावायची नाही. एखादा जुना दिवाळी अंक, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या, लोकर विणणं, असं काहीतरी नीरस. मोबाईल नाही, स्वयंपाकाची तयारी नाही, कारण सकाळचं काम तीनला उरकलं की मेंदूला जागं होण्याचं बक्षीस मिळतं. परत पेंग आली की अंथरुणात. परत जाग आली तर परत बाहेर. पहिल्या रात्री चार खेपा झाल्या तरी चालतील. पायांजवळ शाल आणि बाहेर खुर्ची आधीच मांडून ठेवा, नाहीतर थंडीत उठायचा कंटाळा येतो आणि नियम तिथेच मोडतो.

झोप "आणण्याचा" प्रयत्न मात्र सोडायचा. श्वास सावकाश घ्या, सोडताना जरा लांबवा, मिनिटाला साधारण सहा श्वास होतील इतका. त्याने छातीतली धडधड बसते. पण "आता झोप लागली का" हे तपासत श्वास मोजलात तर तोही पहाराच होतो. काहींना उलटी युक्ती मानवते: अंधारात डोळे उघडे ठेवून "जमेल तितकं जागं राहायचं" असं ठरवणं. झोपेशी ओढाताण थांबली की झोप येते.

दुपारची पाऊण तासाची झोप पहिले सहा आठवडे पूर्ण बंद. अडीचला झोपून सव्वातीनला उठलात, की सकाळी साडेपाचपासून साचवलेलं तिथेच बऱ्यापैकी खर्च होतं आणि रात्री बारापर्यंत जेमतेम पावणेनऊ तासांची कमाई उरते. पुढे बस्तान बसल्यावर वीस मिनिटं, तीनच्या आत, चालेल.

चहाला तुम्ही समजता तेवढा दोष नाही. घरच्या कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन धरा. ते अ‍ॅडिनोसिनच्याच जागा अडवून बसतं, म्हणून दाब असूनही जाणवत नाही. शरीरातून निम्मं जायला सरासरी पाच तास लागतात, माणसागणिक कमी-जास्त. सहाच्या चहातलं ४० धरलं तर अकराला २० उरलं, पहाटे चारला १०. पावणेतीनची जाग त्याने घडत नाही, पण पातळ झोप आणखी पातळ होते. शेवटचा कप दुपारी दोनला आणा, तीन कपांवर या. एकदम बंद केलात तर दोन दिवस डोकं दुखेल आणि तुम्ही त्याचा ठपका बाराच्या नियमावर ठेवाल.

उजेडाचं थोडं. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत ज्यांचा मुख्य धंदा चित्र दाखवण्याचा नाही, मेंदूतल्या घड्याळाला उजेडाची वर्दी देण्याचा आहे. त्यांचं अस्तित्व २००२ मध्ये पक्कं झालं. निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. घरात ट्यूबलाईटखाली १०० ते ३०० लक्स उजेड असतो, ढगाळ सकाळीही अंगणात काही हजार. पहाटे तीन-चारला ट्यूबलाईट लावलीत तर घड्याळाला वाटतं सकाळ झाली आणि ते आणखी अलीकडे सरकतं. हेच नणंदेच्या जपाच्या आड येतं. तसाही ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या दोन मुहूर्त आधी, म्हणजे ९६ मिनिटं आधी सुरू होतो. साडेसहाचा सूर्योदय धरला तर चार वाजून चोपन्न मिनिटांनी. पावणेतीनला नक्कीच नाही. जप साडेपाचला उठल्यावर करा, अंगणात बसून केलात तर उजाडताना उजेडही मिळेल. संध्याकाळी पाच ते साडेसहाच्या दरम्यान अर्धा तास बाहेर चाला. पहाटे लवकर उठणाऱ्यांना संध्याकाळचा उजेड घड्याळ उशिराकडे सरकवायला मदत करतो.

गोळीचं. नाव तुम्ही लिहिलं नाही, बहुधा अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असेल. ही औषधं मेंदूतल्या गाबा या ब्रेकवर जोर देतात, झोप लागते हे खरंच. पण गाढ झोपेच्या संथ लाटा त्यांनी दबतात, काही आठवड्यांत तेवढ्याच गोळीचं चालेनासं होतं, आणि सोडलेल्या रात्री जाग जास्त येते. ती रात्र बघून माणूस म्हणतो, "बघ, गोळीशिवाय मला झोप नाही." अल्प्राझोलाम तर आपल्याकडे शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे दुकानदाराने चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही आणि विक्रीची नोंद ठेवायची. तुमच्या महिन्याच्या चार-पाच अर्ध्या गोळ्या थांबवायला अडचण नाही, थांबवा. पण वहिनी रोज, वर्षानुवर्षं घेत असतील तर त्यांना "मीही सोडली, तूही सोड" असं सांगू नका. एकदम सोडल्याने फिट येऊ शकते; डॉक्टरांच्या देखरेखीत, आठवड्यांच्या हिशेबाने कमी करायची असते.

आता आक्रसणारा मेंदू. त्या मेसेजच्या मागे एक खरा अभ्यास असू शकतो. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांना २५ वर्षं पाहिलं गेलं, निष्कर्ष २०२१ मध्ये आले: पन्नाशी, साठी आणि सत्तरीतही सातत्याने सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी जास्त. ७,९५९ लोकांत एकूण ५२१ जणांना तो झाला. म्हणजे शंभरात साडेसहा. तुम्ही वर्गात सांगता तेच इथेही: टक्केवारी कशाची, हे आधी विचारा. ३० टक्के वाढ त्या लहान आकड्यावरची आहे, आणि कमी झोपेमुळे आजार झाला की आजाराच्या फार आधीच्या खुणांत झोप कमी झाली, हे असल्या अभ्यासातून पूर्ण सुटत नाही. शिवाय निद्रानाश असलेले लोक स्वतःची झोप आहे त्यापेक्षा कमी सांगतात, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलं आहे. पातळ झोपेचे तुकडे त्यांना जागेपणच वाटतात. फळ्यावरची पायरी तुमच्या मेंदूतून पुसली गेलेली नाही. कमी झोपेचा पहिला फटका लक्षाला बसतो. एक-दोन सेकंद धागा सुटतो आणि त्या वेळी जे हातात असेल ते निसटतं. घरी येऊन तेच उदाहरण तुम्ही सोडवलं असणार.

दोन-तीन गोष्टी मात्र डॉक्टरांकडून बघून घ्याच. अंगाला घाम येऊन जाग येते हे तुमच्या वयात पाळी जाण्याच्या आसपासच्या बदलांमुळे असू शकतं. इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतला तापमानाचा काटा नाजूक होतो आणि जरा उष्णता वाढली की शरीर घाम काढतं. सुती चादर, पंखा, आणि त्रास जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ. यावर चांगले उपचार आहेत आणि ते झाल्याशिवाय वरचं सगळं अर्धंच चालेल. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा. झोपताना पायांत वळवळ होऊन ते हलवावेसे वाटत असतील तर फेरिटिनचा आकडा डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. यजमानांना विचारा, तुम्ही घोरता का, मधे श्वास अडल्यासारखा होतो का. सकाळी तोंड कोरडं आणि डोकं जड असेल तर झोपेची तपासणी करायला हवी, कारण श्वास अडून येणारी जाग बाराच्या नियमाने जाणार नाही. आणि लवकर जाग येण्याबरोबर दिवसभर कशातच मन नसणं, भूक जाणं, आपण नकोसे आहोत असं वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा या सदरावर थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

यातलं काहीच नसेल तर वही घेऊन सुरुवात करा. सहा आठवड्यांनंतरही टक्केवारी ८०च्या खालीच असेल तर ती वहीच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, त्यांचे पहिले वीस प्रश्न वाचतील. मधे एखादी रात्र कोसळेल, परीक्षेच्या दिवसांत किंवा पाहुण्यांच्या गर्दीत. दुसऱ्या दिवशी लवकर झोपून भरपाई करायची नाही, बस्स.

राहता राहिलं जायफळ. चिमूटभर, दुधात उगाळून, खुशाल घ्या. चमचाभर घालू नका. जास्त जायफळाने मळमळ, धडधड, भास होतात, गंमत नाही ती. दूध लहान कप आणि झोपायच्या दीड-दोन तास आधी, नाहीतर पावणेतीनला उठायला आणखी एक कारण तयार होईल.